आठ नंबरची मुंगी : फॉर्मिगा

सेंटरहाफची_लेक

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट. ब्राझीलमध्ये मानाउसला आपल्या मुलींची ब्राझीलशी फुटबॉलची मॅच होती. तिकडे २५ तारखेची रात्र, आपल्याकडे २६ची सकाळ. बाबा कोल्हापूरहून माझ्याकडे पुण्याला आले होते. तरुणपणी ते पेठेतल्या एका तालमीच्या संघातून सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध, खेळायचे. आता गुडघे गेलेत, पण मॅच म्हटलं की चहाचा कप घेऊन सगळ्यात आधी टीव्हीसमोर.

पहिल्याच मिनिटाला डेबिन्याने गोल मारला. बाबा म्हणाले, "झालं. आता डझनभर खातोय आपण." आठव्या मिनिटाला मनीषा कल्याण सुसाट सुटली आणि १-१! चहा माझ्या सोफ्यावर सांडला, तो डाग अजून आहे. शेवटी ६-१ हरलो, पण हा धागा त्या गोलबद्दल नाही.

मॅच संपत आली असताना ब्राझीलने एक बदल केला. पाठीवर ८ नंबर. टाळ्या थांबेचनात.

"काय गं, ही कोण? आणि एवढा गलका कशाला?"

"बाबा, देशाकडून तिची शेवटची मॅच आहे. त्रेचाळीस वर्षांची आहे ती."

"त्रेचाळीस? त्या वयात मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढताना दम खात होतो."

तर ही फॉर्मिगा. खरं नाव मिराइल्देस मासिएल मोता. फॉर्मिगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुंगी. लहानपणी तिचा खेळ बघून कुणीतरी म्हणालं की ही मुंगीसारखी खेळते, स्वतःसाठी नाही, वारुळासाठी. तेच नाव चिकटलं.

जन्म ३ मार्च १९७८, साल्वादोर, बाहिया राज्य. तारीख मुद्दाम दिली, कारण त्या दिवशी ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळणं कायद्याने बंद होतं. १९४१ साली वार्गास सरकारने हुकूम काढला होता की 'स्त्रीप्रकृतीला न मानवणारे' खेळ बायकांनी खेळायचे नाहीत. १९६५ मध्ये फुटबॉलचं नाव घालून तो आणखी घट्ट केला. उठला १९७९ मध्ये. पेले तीन विश्वचषक जिंकून निवृत्त झाला तरी त्याच्या देशातल्या बायकांना चेंडूला पाय लावायची मुभा नव्हती! बंदी उठली म्हणून घरची मनं लगेच उघडली असंही नाही. थोरल्या भावांना बहिणीचं गल्लीत खेळणं पसंत नव्हतं. आई मात्र पाठीशी होती.

१९९५ मध्ये, १७ वर्षांची असताना, ती स्वीडनमधल्या विश्वचषकाला गेली. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिक. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेच त्या वर्षी. आणि तिथून टोकियोपर्यंत एकही ऑलिंपिक असं झालं नाही जिथे फॉर्मिगा नव्हती. सात ऑलिंपिक, सात विश्वचषक. पुरुष असो की बाई, इतकी ऑलिंपिक कुठल्याच फुटबॉलपटूच्या खात्यावर नाहीत. आपली मनीषा २००१ च्या नोव्हेंबरात जन्मली तेव्हा हिचे दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक खेळून झाले होते. मानाउसमध्ये दोघी एकाच मॅचमध्ये होत्या.

आता पदकांचं बघा. १९९९ विश्वचषकात तिसरा नंबर. २००४ अथेन्सला रौप्य, अमेरिकेकडून जादा वेळेत हार. २००८ बीजिंगला पुन्हा रौप्य, पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ. २००७ विश्वचषकाच्या फायनलला जर्मनीकडून ०-२, त्यात ब्राझीलची स्टार मार्ता हिची पेनल्टी अडवली गेली. त्या वेळी पदक घेताना ब्राझीलच्या मुलींनी फलक धरला होता, 'ब्राझील, आम्हाला पाठबळ हवंय'. जगात दुसऱ्या आलेल्या संघाला पदक गळ्यात घालून हे मागावं लागत होतं.

इतकं असून मार्ता सगळ्यांना माहीत, फॉर्मिगा फार थोड्यांना. त्याचं कारण तिची जागा, मैदानाच्या मधोमध. मानाउसच्या मॅचनंतर मी बाबांना २००७ ची हांगझोमधली सेमीफायनल दाखवली, ब्राझील ४, अमेरिका ०. त्यातला शेवटचा, मार्ताने मारलेला गोल सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाबांनी तो पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "मागं घे. मधल्या बाईचं बघायचंय." मग आम्ही बराच वेळ फक्त फॉर्मिगाच बघत बसलो. विंगच्या मुली वर धावल्या की ही त्यांची रिकामी जागा झाकायला सरकते. बॉल दुसऱ्या टोकाला असताना दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेते. त्यामुळे बॉल पायात येतो तेव्हा द्यायचा कुणाला हे आधीच ठरलेलं असतं. एक टच, फार तर दोन, आणि बॉल गेला. टॅकल करतानाही घसरत नाही फारशी, पायावर उभी राहूनच बॉल तोडते.

मी म्हटलं, "बाबा, ही पळताना फार दिसतच नाही."

"पळायला लागलं तर सेंटर हाफला उशीर झाला म्हणून समज. ती आधीच तिथं असते की."

क्लबांची यादी मोठी आहे: साओ पावलो, स्वीडनचं माल्मो, अमेरिकेत गोल्ड प्राइड आणि शिकागो, मग ब्राझीलच्या साओ जोझेकडून कोपा लिबर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा), आणि जानेवारी २०१७ मध्ये पॅरिस सें जर्मां. वय ३८, लवकरच ३९. त्या वयात लोक कोचिंगचे कोर्स करतात. ही तिथे साडेचार वर्षं खेळली आणि २०२०-२१ मध्ये फ्रेंच लीगमधली ल्यों क्लबची सलग १४ विजेतेपदांची साखळी पॅरिसने तोडली त्या संघात होती.

अजून खूप लिहिण्यासारखं आहे, पण आधी तुमचं येऊ दे. इथे महिला फुटबॉल बघणारं कुणी आहे का, तेही कळेल.

---

रंकाळ्यावरचा_वारा

मी आहे! आणि तुमच्या बाबांना दंडवत. 'सेंटर हाफ' हा शब्द किती दिवसांनी वाचला. हल्लीची पोरं 'सिक्स', 'डीएम' असलं काहीतरी म्हणतात.

आमच्याकडे गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात आणि मधल्याला मॅच हरल्यावर शिव्या. पेठांच्या मॅचला गॅलरीत शेजारी बसलेले एक काका कायम ओरडायचे, "मधी कोन हाय का न्हाई?" मधी कोण असेल तर कुणाला दिसत नाही, नसेल तर सगळ्या गावाला दिसतं.

---

आकडेमोड

लेख आवडला. पण जरा वेगळं बोलू का? रागावू नका.

सात विश्वचषक हा आकडा ऐकायला भारी आहे. मेस्सी आणि रोनाल्डोच्या नावावर २०२२ पर्यंत पाच-पाच होते. पण पुरुषांच्या ब्राझील संघात ४१ व्या वर्षी मिडफिल्डर राहूच शकत नाही, कारण मागे पन्नास जण रांगेत उभे असतात. फॉर्मिगाच्या मागे रांगच नव्हती. २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकनंतर, मानाउसच्याच एका स्पर्धेत तिने निवृत्ती घेतली होती हे तुम्ही लिहिलं नाहीत. २०१८ मध्ये प्रशिक्षक वादाव यांनी गळ घालून तिला परत आणलं. तिची जागा भरेल अशी कुणी मिळेना म्हणून. मग हा विक्रम तिचा म्हणायचा की ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या नाकर्तेपणाचा?

---

गप्प_बसा_संस्कृती

क्रिकेटचा धागा वर आणा रे कुणीतरी. आशिया चषक

*प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)*

---

सेंटरहाफची_लेक

@आकडेमोड, रागवायचं काय त्यात, मुद्दा अर्धा बरोबर आहे. निवृत्तीचं राहून गेलं, चूक माझी.

रांग नव्हती हे खरं. २०१९ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून जादा वेळेत १-२ हरून बाहेर पडल्यावर मार्ता कॅमेऱ्यात बघून नव्या मुलींना हेच सांगत होती, की फॉर्मिगा कायमची नसणार, मार्ता कायमची नसणार, क्रिस्तियाने नसणार, तुमच्यावर आहे आता सगळं. रडायचं ते सुरुवातीला रडा, म्हणजे शेवटी हसता येईल. त्या मॅचला फॉर्मिगा ४१ वर्षांची होती आणि ल आव्रच्या मैदानावर फ्रान्सच्या ॲमांदिन ऑन्रीसमोर उभी होती.  आणि ब्राझीलच्या जुन्या खेळाडू सांगतात की सुरुवातीच्या काळात त्यांना पुरुष संघाचे वापरलेले ढगळ कपडे घालून खेळावं लागायचं.

पण उरलेला अर्धा मुद्दा मला मान्य नाही. ब्राझीलकडे पर्याय नव्हता म्हणून ती खेळली असं एकवेळ धरू. पॅरिसकडे तर होता ना? कतारचा पैसा, युरोपभरातून हवी ती मुलगी आणता येईल अशी ऐपत. त्यांनी ३८ वर्षांच्या बाईला बोलावलं आणि त्याच मोसमात कार्डिफला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेले. ल्योंविरुद्ध ०-०, पेनल्टीवर ६-७. तिच्या शेजारी ग्रेस गेयोरोसारखी १९९७ ची मुलगी मधल्या फळीत तयार होत होती. नंतर तर आघाडीला जॉर्डिन ह्युटेमा आली, २००१ ची. पॅरिसवाले काही दया म्हणून ४३ वर्षांपर्यंत कुणाला ठेवत नाहीत.

बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, "त्याला म्हणावं, म्हातारा बैल जुंपतात ते नवा नाही म्हणून. पण नांगर सरळ चालतोय की नाही ते पण बघा."

---

मडगावची_मासळी

आमच्या आजीला पोर्तुगीज येत होतं. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की ती 'फॉर्मिगा! फॉर्मिगा!' असं ओरडत स्वयंपाकघरातून फडकं घेऊन धावायची. त्यामुळे २०१५ मध्ये टीव्हीवर समालोचकाने 'फॉर्मिगा स्कोअर्स' म्हटलं तेव्हा मी एकटीच खदाखदा हसले आणि घरातल्यांना काही कळेना.

ती मॅच मॉन्ट्रियलला होती, दक्षिण कोरियाविरुद्ध. कोरियाच्या मुलीने मागे गोलकीपरकडे ढिला पास दिला आणि ही मधूनच आली, बॉल उचलला, गोल. वय ३७. महिला विश्वचषकात एवढ्या वयाचं तोवर कुणी गोल मारला नव्हता. बघा, तिचा गाजलेला गोलसुद्धा दुसऱ्याच्या चुकीवर नजर ठेवून होता. हे पण मुंगीचंच काम, सांडलेला दाणा बरोबर दिसतो.

२०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आला तेव्हा फातोर्ड्याला मॅचेस होत्या, मी दोन बघितल्या. आपल्या मुली भुवनेश्वरला खेळल्या आणि तिथेही ब्राझील गटात होतंच. ०-५. ब्राझील काही आपल्याला सोडत नाही.

---

जुनाट_वही

बंदीवरून थोडं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर खेळायला मनाई केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलचं वर आलंच आहे. आता आपल्याकडे बघा. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना झाली, लखनौला राष्ट्रीय स्पर्धाही झाली. १९८० च्या जानेवारीत कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेता. म्हणजे ब्राझीलमध्ये बंदी उठून जेमतेम काही महिने झाले होते तेव्हा आपल्या मुली आशियाची फायनल खेळत होत्या.

आपण तेव्हा पुढे होतो! मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२२ चा आशिया चषक तर मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, आपल्या अंगणात होता, आणि संघात कोविड शिरल्यामुळे यजमानांनाच बाहेर पडावं लागलं. बालेवाडीला जायचं ठरवून बसलो होतो. जाऊ दे.

---

आकडेमोड

पॅरिसचा मुद्दा बिनतोड. बैलाचा त्याहून जास्त. बाबांना नमस्कार सांगा.

प्रायश्चित्त म्हणून एक गंमत देतो. पिया सुंधागे आणि फॉर्मिगा यांची कुंडली कुणीतरी जुळवायला हवी. १९९५ च्या विश्वचषकात पिया स्वीडनकडून खेळत होती आणि ब्राझीलने सलामीच्या मॅचला यजमान स्वीडनला १-० हरवलं. त्या ब्राझील संघात १७ वर्षांची फॉर्मिगा होती. २००८ बीजिंगला फॉर्मिगाचं सुवर्ण हुकलं, तेव्हा अमेरिकेची प्रशिक्षक पिया. २०१६ ला माराकानावर सेमीफायनल पेनल्टीवर हुकली, तेव्हा स्वीडनची प्रशिक्षक पिया. आणि २०१९ मध्ये ब्राझीलने प्रशिक्षक नेमली कोण? पिया! टोकियोला फॉर्मिगाला घेऊन गेली ती आणि मानाउसला निरोप दिला तोही तिनेच. दोन वेळा डोळ्यात पाणी आणणारी बाई शेवटी आपल्याच बाकावर येऊन बसली.

टोकियोत क्वार्टर फायनलला कॅनडाशी ०-०, पेनल्टीवर ३-४. तिथेही नशिबाने साथ दिली नाही म्हणा.

---

तेरा_वर्षांची_आई

(आयडी मुलीच्या वयावरून घेतला होता, आता ती चौदाची होईल. असो.)

वाचनमात्र होते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मुलगी पुण्यात एका अकादमीत खेळते. सुरुवातीला शाळेतच खेळायची, पण तिथे क्रीडा तासाला मैदान मुलांना आणि मुलींना जिमचा हॉल, तोही रिकामा असला तर, म्हणून बाहेर घातली. पैसे जातात, पण रडारड थांबली.

आता नवीन रडारड. कोचने तिला विंगवरून काढून मध्ये टाकलंय. "आई, मला शिक्षा केलीय. तिथून गोलच होत नाहीत." कोच म्हणतात तिला खेळ वाचता येतो. ती म्हणते मला गोल मारता येतो. गेले दोन आठवडे बूट आपटत घरी येते. शनिवारी तर मोजे घातलेले तसेच झोपली, टर्फचे काळे दाणे सगळ्या पलंगभर.

तिला फॉर्मिगाची नेमकी कोणती मॅच दाखवू? पूर्ण ९० मिनिटं बसेल असं वाटत नाही.

---

रंकाळ्यावरचा_वारा

ताई, शिक्षा नाही हो, बढती आहे. पण हे चौदा वर्षांच्या पोरीला पटवायचं काम आमचं नाही, तुमचं. शुभेच्छा!

---

सेंटरहाफची_लेक

२००७ चीच, अमेरिकेविरुद्धची. पहिला अर्धा भागच दाखवा. पण अट अशी की बॉलकडे बघायचं नाही, फक्त ८ नंबरकडे. रेकॉर्डिंगमध्ये ती प्रत्येक वेळी कॅमेऱ्यात नसते, म्हणून ती कुठून परत फ्रेममध्ये येते ते बघायला सांगा. मार्ता आली की डोळे तिकडे जाणारच, माझेही जातात. तेवढं चालवून घ्या.

आणि मान किती वेळा वळवते ते मोजायला लावा. बाबा मला लहानपणी असंच करायला लावायचे, अंगणात. ते मागे उभे राहून बोटं दाखवायचे. बॉल माझ्याकडे येत असताना मी वळून पाहायचं आणि किती बोटं ते सांगायचं. चुकलं की एक फेरी. मी काही खेळाडू झाले नाही, पण रस्ता ओलांडताना उपयोग होतो.

---

मडगावची_मासळी

बोटांचा खेळ झकास! भाचीवर करून बघते.

अवांतर: २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच आहे. जिथे १९७९ पर्यंत बंदी होती तिथे. फॉर्मिगा प्रेक्षकांत कुठेतरी बसलेली दिसावी एवढीच इच्छा. की पुन्हा गळ घालतील? वय ४९ फक्त.

---

आकडेमोड

@मासळी, घातली तर मी विरोध करणार नाही, शब्द देतो. २०२४ पॅरिस ऑलिंपिकला तिच्याशिवाय पहिल्यांदाच गेले आणि काय झालं? रौप्य. समोर अमेरिका. काही बदललं नाही.

---

तेरा_वर्षांची_आई

दाखवली काल रात्री. पहिली पाच मिनिटं मोबाइलमध्ये डोकं. मग मी मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि मुद्दाम चुकीचं मोजलं. "आई, तू दोन सोडलेस" म्हणून उठून बसली. दहाव्या मिनिटापर्यंत आम्हा दोघींचाही आकडा चुकला होता आणि त्यावरून भांडण झालं. मार्ताचा गोल आला तेव्हा ती ओरडली, "थांब, थांब, बॉल आधी कुणी दिला?" आणि मागे घेतलं.

पटलंय असं अजून म्हणणार नाही. "एक महिना बघते, मग कोचना सांगते" अशी धमकी आहे. पण आज सकाळी दूध तापवत होते तर मागून आवाज आला, "आई, वळू नको, वळू नको. आता वळ. किती बोटं?"

तीन म्हणाले. चार होती. मला फेरी मारायला लावली, सोसायटीच्या भोवती. दूध उतू गेलं.